ओठ बधिर झाला, दाढ का नाही?

आदरणीय डॉक्टरताई,

मी 53 वर्षांची, गोव्यातल्या दिवाडी बेटावर राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात खालची उजवी दाढ ठणकायला लागली आणि दुसऱ्या दिवशी गाल सुजला. फेरीबोटीनं पलीकडे जाऊन दाखवलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला, पण दाढेला हत्यार लागल्याबरोबर मी ओरडले. दुसरं इंजेक्शन दिलं, तिसरं दिलं, तरी तेच. शेवटी ते म्हणाले, "बाई, औषध पोचलंय. ही तुमच्या मनातली भीती आहे." मला खुर्चीतच रडू आलं. गोळ्या घेऊन घरी आले. आता सूज उतरली आहे, दाढ तशीच आहे आणि पाऊल काही तिकडं वळत नाही. यजमान म्हणतात, तू हळवी आहेस. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिनं सांगितलं की हे इंजेक्शन नसांमधले सोडियमचे दरवाजे बंद करतं. मला रक्तदाब आहे, चार वर्षं मीठ कमी केलंय. मग अंगात सोडियमच कमी पडल्यामुळं इंजेक्शन चढलं नसेल का? मीठ वाढवू का? आणि मी खरंच भित्री आहे का?

– एक शिक्षिका, दिवाडी

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुम्ही ओरडलात कारण तुम्हाला दुखलं, आणि दुखलं कारण दाढ बधिर झालेलीच नव्हती. ओठ झोपलेला आणि दाढ जागी, असं सुजलेल्या दाढेच्या बाबतीत पुष्कळदा होतं. मिठाचंही लगेच सांगून टाकते: चिमूटभरही वाढवू नका. दोन्ही उत्तरांमागचं कारण एकच आहे आणि ते तुमच्या मुलीनं उघडलेल्या पानावरच आहे. तिला शेजारी बसवून वाचलंत तर बरं, कारण पुस्तकात हा भाग घाईघाईनं उरकलेला असतो.

आपण 'नस' म्हणतो ती कधी रक्ताची असते, कधी संवेदनेची. इथं संवेदनेची, म्हणजे मज्जातंतू. त्यातल्या सोडियमच्या दारांबद्दल दिवाडीच्या माणसाला सांगणं मला सोपं आहे, कारण तुमच्याकडं मानस आहे. खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांच्या, बांधातली ती लाकडी दारं तुम्ही लहानपणापासून पाहिली असतील. भरती आली की नदीच्या पाण्याच्या रेट्यानं ती मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. कुणी जाऊन दोर ओढायला लागत नाही. दोन बाजूंच्या पाण्यातला फरकच दार हलवतो.

मज्जातंतूच्या पटलातली, म्हणजे त्याच्या पातळ आवरणातली, सोडियमची दारं याच जातीची आहेत, फक्त फरक पाण्याच्या पातळीचा नसून विजेचा असतो. तंतूच्या बाहेर सोडियम भरपूर, लिटरमागं साधारण 145 मिलिमोल. आत जेमतेम 10 ते 15. पोटॅशियमचं नेमकं उलटं. हा फरक टिकवायला पटलात पंप बसवलेले आहेत. ते दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात, आपण झोपलो तरी थांबत नाहीत. त्यात पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं. या सगळ्यामुळं तंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्टनं ऋण राहते. टॉर्चच्या सेलच्या मानानं हा विसावा हिस्सा, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ज्या पटलावर हा दाब बसलाय ते मिलिमीटरच्या लाखाव्या हिस्स्याहून पातळ आहे. एवढ्याशा जाडीत 70 मिलिव्होल्ट म्हणजे प्रचंड ताण. विजेचा भार असलेली कुठलीही वस्तू त्या पटलात असेल तर तिला तो ताण ओढल्याशिवाय राहणार नाही.

आणि दारात नेमकी तशी वस्तू असते. एक दार म्हणजे प्रथिनाचा एकच लांबलचक रेणू, साधारण 2000 अमिनो आम्लांचा. त्याचे चार सारखे भाग गोलाकार उभे राहतात आणि मधोमध वाट तयार होते. प्रत्येक भागात सहा मळसूत्री खांब. त्यातल्या चौथ्या खांबावर दर तिसऱ्या जागी धनभार असलेलं अमिनो आम्ल बसवलेलं आहे. हा चौथा खांब म्हणजे दाराची कडी. आतली बाजू ऋण असते तोवर धनभाराचे हे खांब आत ओढलेले राहतात आणि वाट बंद असते. आतला ऋणपणा कमी झाला की खांबांवरची ओढ सुटते, ते बाहेरच्या अंगाला सरकतात आणि सरकताना वाट उघडतात. त्या वाटेत सोडियमच्याच मापाची अरुंद जागा आहे, पोटॅशियम तिथून सहसा जात नाही. उघड्या दारातून सोडियम किती वेगानं शिरतं? सेकंदाला कोटीच्या घरात आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण. दार मात्र उघडं असतं सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढंच.

दातात कीड खोल गेली, आतला गर दुखावला की तिथल्या तंतूचं टोक थोडं कमी ऋण होतं. साधारण उणे 55 मिलिव्होल्टपर्यंत पोचलं की काही दारं उघडतात. सोडियम आत आलं की आतला ऋणपणा आणखी घटतो, म्हणून आणखी दारं उघडतात. मग थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही. आतली बाजू एका झटक्यात धन 30 मिलिव्होल्टच्या आसपास जाते. शेजारच्या तुकड्याला त्याचा धक्का बसतो, तिथली दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. चवथीला लावतात त्या फटाक्यांच्या माळेसारखं. एक उडाला की तो पुढच्याला पेटवतो.

माळेतला उडालेला फटाका पुन्हा उडत नाही, म्हणून आग मागं वळत नाही. सोडियमच्या दारालाही अशी सोय आहे, आणि मानशीचा दाखला इथं संपतो, कारण मानशीला असलं काही नसतं. तिसरा आणि चौथा भाग जोडणारा एक छोटा पट्टा दाराच्या आतल्या बाजूला लोंबत असतो. कडी सुटून वाट उघडली की सेकंदाच्या हजाराव्या भागात हा पट्टा आतून येऊन वाटेला बूच मारतो. आता दार 'मिटलेलं' नाही, 'अडवलेलं' आहे. तंतू पुन्हा पुरेसा ऋण झाल्याशिवाय बूच निघत नाही आणि दार दुसऱ्यांदा उघडायला तयार होत नाही. तुमच्या मुलीला सांगा, बंद, उघडं आणि अडवलेलं या तीन अवस्था नीट लक्षात ठेव. परीक्षेत मुलं दोनच लिहितात. आणि आपल्या दाढेच्या कोड्यातही ही तिसरी अवस्था पुढं येणार आहे.

हे सगळं माणसाला कळलं माणकीमुळं. आपण रव्यात घोळवून तळतो तीच माणकी, मालवणकडं म्हाकूल म्हणतात. तिच्या अंगात एक मज्जातंतू असा असतो की तो अर्धा ते एक मिलिमीटर जाड, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. हॉजकिन आणि हक्स्ली या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी त्यात तार घातली, विजेचा दाब हवा तिथं धरून ठेवला आणि आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजला. 1952 साली त्यांनी संपूर्ण हिशेब मांडला, आणि तोही दाराचं प्रथिन कुणी पाहिलेलं नसताना. 1963 साली त्यांना नोबेल मिळालं. बाजारात माणक्या साफ करताना पाहिल्या की मला अजून त्या दोघांची आठवण येते.

आता इंजेक्शन. तुम्हाला दिलं ते बहुतेक लिग्नोकेन. हे औषध सोडियमच्या वाटेत जाऊन बसतं, पण समोरच्या अंगणातून नव्हे. त्याची बसायची जागा वाटेच्या आतल्या बाजूला आहे. म्हणजे आधी तंतूच्या पटलातून आरपार आत जायचं आणि मग मागच्या दारानं वाटेत शिरायचं. पटल स्निग्ध असतं, त्यातून विजेचा भार नसलेला रेणूच जाऊ शकतो. लिग्नोकेनचे काही रेणू भारित असतात, काही बिनभाराचे. निरोगी ऊतीत आम्ल-अल्कलीचं माप, म्हणजे पीएच, 7.4 असतो. तिथं शंभरातले साधारण 24 रेणू बिनभाराचे असतात, ते आत शिरतात. आत गेल्यावर त्यातले बरेच पुन्हा भार घेतात आणि तेच वाटेत घट्ट बसतात.

सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते. समजा तिथला पीएच 6.4 पर्यंत उतरला. मग बिनभाराचे रेणू शंभरात उरतात तीन. चोवीसचे तीन! औषध तेवढंच, सुई तीच, डॉक्टरांचा हात तोच, पण तंतूच्या आत शिरणारं औषध आठवा हिस्सा. शिवाय सुजलेल्या जागेला रक्तपुरवठा वाढलेला असतो, जे काही टोचलं ते वाहूनही लवकर जातं. आणि तुमच्या बाबतीत याहूनही मोठं कारण असावं. खालच्या दाढेसाठी सुई बहुधा मागं, जबड्याच्या सांध्याकडं मोठ्या तंतूपाशी देतात. तिथं सूज नसते, म्हणून ओठ छान बधिर होतो. पण ज्या दाढेचा गर दिवसेंदिवस जळतोय, तिच्यातले तंतू स्वतःच बदललेले असतात. सोडियमच्या दारांचे माणसात नऊ प्रकार आहेत. दाहात त्यातले काही प्रकार तंतूवर वाढतात, लहानशा धक्क्यानं उघडायला लागतात, आणि त्यातला आठवा प्रकार लिग्नोकेनला इतरांपेक्षा कमी दाद देतो. तंतू चिडलेला असतो, हे वाक्य मी उपमा म्हणून लिहीत नाही. त्याचा उंबरठा खरोखर खाली आलेला असतो.

आमच्या प्रयोगशाळेत पूर्वी बेडकाच्या मांडीतला मज्जातंतू आणि पोटरीचा स्नायू काढून काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यासमोर लावत असू. तंतूला विजेचा टिचका दिला की स्नायू आखडायचा आणि सुई काजळीत एक पांढरी रेघ ओढायची. टिच, रेघ. टिच, रेघ. मग मी तंतूवर लिग्नोकेनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठेवायची. रेघ बुटकी होत जायची आणि काही मिनिटांत नुसती सपाट. मिठाच्या योग्य द्रावणानं तंतू धुतला की रेघा हळूहळू परत उभ्या राहायच्या. ते पाहताना वर्ग एकदम गप्प व्हायचा. तो बोळा टेकवताना मी दरवेळी सांगायची की हा तंतू ताजा आणि निरोगी आहे, म्हणून एवढं सुरेख जमतंय. खुर्चीतला पेशंट असा नसतो.

'अडवलेल्या' अवस्थेचं राहिलं. उघड्या आणि अडवलेल्या दारांना लिग्नोकेन जास्त घट्ट चिकटतं, निवांत मिटलेल्या दारांना कमी. म्हणून जो तंतू सारखा संदेश पाठवतोय त्याच्यावर ते आधी बसतं. हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग माझी ठणकणारी दाढ आधी झोपायला हवी होती. झोपलीही असती, पुरेसं औषध आत पोचलं असतं आणि बदललेल्या दारांनी त्याला नीट दाद दिली असती तर. तंतू जागा होता आणि औषध दारात उभं राहिलं, असा तो प्रकार. फेफऱ्यावरच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्या याच गुणावर चालतात. मेंदूतल्या ज्या पेशी अति वेगानं उडत असतात त्यांची दारं त्या अडवून धरतात, शांत पेशींना फारसा हात लावत नाहीत.

दुखण्याचे तंतू दोन तऱ्हेचे असतात, हेही तुम्ही अनुभवलंय. थंड पाणी लागलं की जी सणक जाते ती जरा जाड तंतूंवरून, सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगानं. आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की सुरू होतो तो ठणका सर्वांत बारीक तंतूंवरून, सेकंदाला दोन मीटर किंवा त्याहून हळू. आपल्या भाषेनं या दोहोंना वेगळे शब्द कधीच दिलेत. ओठाचा स्पर्श वाहणारे तंतू निराळे, दाढेच्या गराचे निराळे. ओठ जड झाला म्हणून दाढ झोपली असं धरणं चुकीचं आहे, आणि त्या दिवशी तीच चूक झाली. दाढेला बर्फाइतकं थंड काही लावून दहा सेकंद थांबलं असतं तर खरं काय ते कळलं असतं. तुम्हाला भित्री ठरवणं मला अजिबात पटलेलं नाही.

मिठाचं. रक्तातलं सोडियम लिटरमागं 135 ते 145 मिलिमोल राखायचं काम मूत्रपिंडं आणि हार्मोन करतात. जेवणात मीठ कमी केलं तर ती लघवीतून कमी सोडतात, मज्जातंतूंबाहेरचा साठा तसाच राहतो. एका संदेशाला जे सोडियम आत शिरतं ते त्या साठ्याच्या मानानं नगण्य असतं. शिवाय इंजेक्शनचं काम सोडियम वाढवण्याचं नाही, वाट अडवण्याचं आहे. म्हणजे मीठ वाढवून दाढ बधिर होणार नाही, रक्तदाब मात्र वाढेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, एक सपाट चमचा. खारवलेले बांगडे आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, त्यातच मोजायची. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर सोडियम खरोखर उतरू शकतं. त्याची तपासणी तुमचे नेहमीचे डॉक्टर करतील, पण त्याचा दाढेशी संबंध जोडू नका.

लगे हाथ एक सांगते, कारण बेटावर मासे भरपूर. जाळ्यात फुगणारा केंड येतो, तो कुणालाही खाऊ देऊ नका. त्यातलं टेट्रोडोटॉक्सिन हीच सोडियमची वाट बाहेरच्या तोंडाशी बंद करतं, शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. आधी ओठ आणि जीभ मुंग्या आल्यासारखी होते, पुढं श्वासाचे स्नायू थांबू शकतात. लिग्नोकेनची दारं आणि केंडाची दारं तीच आहेत. तुम्हाला चौथी, पाचवी सुई का देत बसले नाहीत, तेही यात आलं. हृदयाची आणि मेंदूची दारं त्याच घराण्यातली आहेत, म्हणून लिग्नोकेनच्या एकूण मात्रेला वजनाप्रमाणं हद्द असते. तिसऱ्या सुईनंतर थांबणं बरोबर होतं. थांबताना जे बोलले ते बरोबर नव्हतं.

आता दाढेकडं बघू. सूज उतरली आहे, म्हणजे हीच वेळ चांगली. गोळ्यांनी पू दबतो, कीड आणि मेलेला गर तसाच राहतो, ते ठिकाण पुन्हा पेटतं. दहा-पंधरा दिवसांच्या आत जा. तिथंच जायला नको वाटत असेल तर दुसऱ्याकडं जा, बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात जा. बसण्याआधी सांगा: "मागच्या खेपेला तीन सुयांनी ओठ बधिर झाला, दाढ झाली नाही." एवढं एक वाक्य पुरेसं आहे. समजणारा दंतवैद्य त्यावरून पुढची आखणी करतो. मोठ्या तंतूला सुई देऊन पुरेसा वेळ थांबेल, मग दाढेच्या मुळाभोवती किंवा हाडात वेगळी सुई देईल, गरज पडली तर थेट गरात. तासभर आधी आयबुप्रोफेन घेतली तर दाह उतरून इंजेक्शन चांगलं लागू पडतं, पण तुम्हाला रक्तदाब आहे, ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून न्या, कारण सुईतल्या औषधात बहुधा अ‍ॅड्रिनालिन मिसळलेलं असतं. ते रक्तवाहिन्या आवळून औषध जागच्या जागी धरून ठेवतं. तुमच्यासाठी त्याचं प्रमाण ठरवायला त्यांना ही माहिती लागते. त्या दिवशीची गोळी चुकवू नका आणि उपाशी जाऊ नका.

मधल्या काळात सूज पुन्हा आली आणि जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळताना अडलं, ताप भरला किंवा श्वास जड वाटला तर सकाळची वाट पाहायची नाही. फेरीबोट कधी सुटेल याचा विचार करत बसू नका, 108 ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा आणि थेट गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, गाठा.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या आणि त्या दिवशी त्यांनाच बरोबर न्या. खुर्चीत बसल्यावर काम सुरू होण्याआधी दाढेला थंड लावून बघायला सांगा. थंड कळलं तर डावा हात वर करा. हात वर असेपर्यंत हत्यार तोंडात जाणार नाही, हे आधी बोलून घ्या.